कॅन्सरचा इलाज आणि हातातला फोन

व्यापाराच्या पानावर आजाराची चर्चा कशासाठी, असे काही वाचकबंधू विचारतील. मंदीत बुडालेली पेढी पुन्हा उभी राहिलेली आम्ही पाहिली आहे. परंतु घरात कॅन्सर आला, सहा महिने दुकानाची फळी अर्धीच उघडू लागली, आधी बायकोचे दागिने आणि मग दोन माग विकले गेले, अशी घरे सावरायला फार वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात कॅन्सरचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक माणसे दगावली. पुरुषांमध्ये ओठ आणि तोंडाचा कॅन्सर सर्वांत पुढे आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये गुटख्याच्या पुड्यांचा खच पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आज आम्हाला लिहायचे आहे ते इलाजाच्या काळाविषयी, आणि तेही या इलाजात मोबाइल फोनचा किती उपयोग होतो याविषयी. गेल्या काही वर्षांत कॅन्सरच्या रुग्णांसाठी अनेक ॲप निघाली आहेत. कोणी औषधाची वेळ सांगते, कोणी रिपोर्ट जपून ठेवते, कोणी आहार सुचवते. ही कामे एक साधी वही आणि घरातली शहाणी मुलगीही करू शकते. ज्या कामासाठी ॲपला खरी किंमत आहे ते काम वेगळे आहे.

केमोथेरपी बहुधा बाहेररुग्ण म्हणून दिली जाते. सकाळी सलाइन लावतात, संध्याकाळी रुग्ण घरी. पुढची फेरी अनेकदा २१ दिवसांनी असते. म्हणजे एक दिवस डॉक्टरांच्या नजरेसमोर आणि वीस दिवस नजरेआड. उलट्या, जुलाब, तोंडातले फोड, ताप, श्वास लागणे हे सारे या वीस दिवसांत होते. रुग्ण पुन्हा डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा यातले निम्मे तो विसरलेला असतो आणि उरलेले सांगायला लाजतो. रांगेत मागे पन्नास माणसे असतात, म्हणून "ठीक आहे, डॉक्टरसाहेब" म्हणून उठतो. चांगल्या ॲपचे काम एवढेच की त्या वीस दिवसांत रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारायचे आणि त्याचे उत्तर काळजीचे असेल तर रुग्णालयातील नर्सला ताबडतोब कळवायचे.

आपल्या मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. ती करामत नसती तर कोरा ताका तसाच विणला गेला असता. पण माग थांबला म्हणजे धागा जोडला गेला असे होत नाही. त्यासाठी विणकराला चार माग ओलांडून यावे लागते. ॲपचेही तसेच आहे.

परदेशातील अनुभव

या बाबतीत सर्वांत गाजलेला प्रयोग न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात डॉ. ईथन बॅश यांनी केला. आजार पसरलेल्या ७६६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट केले. एका गटाचा इलाज नेहमीच्या रीतीने चालला. दुसऱ्या गटाने केमोथेरपीच्या काळात बारा लक्षणे संगणकावर नोंदवायची होती. त्रास वाढला की नर्सला संदेश जाई. २०१७ साली निकाल जाहीर झाला. नोंद ठेवणाऱ्या गटातील रुग्ण मध्यमानाने ३१ महिने जगले, नेहमीच्या गटातील २६ महिने. एका वर्षात तातडीच्या विभागात जावे लागलेल्यांचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आले. औषधे दोन्ही गटांना सारख्याच पद्धतीची होती. फरक होता तो खबर वेळेवर पोहोचण्याचा.

याच प्रयोगातील एक बारीक गोष्ट आमच्या मनात राहिली. ज्या रुग्णांना संगणकाची सवय नव्हती, त्यांना या पद्धतीचा फायदा कमी झाला नाही, उलट जास्त झाला. "हे शिकलेल्यांचे काम, आपल्या लोकांना जमणार नाही," असे म्हणणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

फ्रान्समध्ये डॉ. फाब्रिस डेनिस यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा बारा लक्षणे कळवायला सांगितली. २०१७ सालच्याच त्यांच्या निकालात आयुष्य मध्यमानाने १२ महिन्यांवरून १९ महिन्यांवर गेलेले दिसले. पुढे २०२१ मध्ये ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, ऑस्ट्रिया आणि ग्रीस या पाच देशांतील ८२९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे रुग्ण रोज फोनवर नोंद करत आणि रुग्णालयात पिवळा किंवा लाल इशारा वाजे. लाल इशाऱ्याला अर्ध्या तासात आणि पिवळ्याला आठ तासांत उत्तर द्यायचे, असा नियमच होता. त्या रुग्णांचा त्रास कमी राहिला.

इथवर वाचून कोणी फोन विकत घ्यायला निघाले असेल तर थोडे थांबावे. डॉ. बॅश यांनीच नंतर अमेरिकेतील ५२ लहानमोठ्या केंद्रांत १,१९१ रुग्णांवर तीच पद्धत वापरून पाहिली. २०२५ साली त्याचा अखेरचा निकाल आला. रुग्णांची ताकद आणि रोजचे जगणे सुधारले, तातडीच्या विभागात जाण्याची पहिली वेळ लांबली, पण आयुष्याच्या लांबीत फरक दिसला नाही. आम्हा कापडवाल्यांना याचे फारसे नवल वाटत नाही. नमुन्याचा ताका आणि लॉटचा माल यात फरक पडतोच. तरीही त्रास कमी होणे आणि माणूस आपल्या पायाने मशिदीपर्यंत जाऊ शकणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र "ॲप घ्या आणि आयुष्य वाढवा" अशी जाहिरात कोणी केली तर ती अर्धे सत्य सांगते, एवढे लक्षात असू द्यावे.

या शेवटच्या अभ्यासात ज्यांना इंटरनेट नको होते त्यांना साध्या फोनवर आपोआप येणाऱ्या कॉलने प्रश्न विचारले जात आणि ते बटण दाबून उत्तर देत. म्हणजे महागडा फोन ही अट नाही.

ताप : एक उदाहरण

सर्वांत मोठा धोका तापाचा आहे. केमोथेरपीमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही. शरीरात लढणारे शिपाईच नसल्यामुळे जंतू काही तासांत रक्तात पसरतात. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. आपल्याकडे होते काय? अंग तापले की पॅरासिटामॉलची गोळी, वर एक चादर, आणि "सकाळी बघू". गोळीने ताप उतरतो, आजार आत वाढत राहतो.

मालेगावहून परळ सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. रात्री दोन वाजता ताप भरला तर मुंबईला निघायचे, की गावातल्या दवाखान्यात दाखवायचे, की सकाळपर्यंत थांबायचे, हा निर्णय घरच्या माणसाने एकट्याने घ्यायचा नसतो. नेमक्या याच क्षणी ॲपची परीक्षा होते. आमच्या व्यवसायातील एका स्नेह्यांच्या पत्नीचा इलाज एका खासगी रुग्णालयात चालू होता. तेथे ॲप होते, छान होते, त्यात हसरा आणि रडका चेहरा निवडायचा असे. शनिवारी संध्याकाळी त्यांनी ताप नोंदवला. "तुमची नोंद मिळाली, धन्यवाद" असे उत्तर आले. माणसाचा फोन आला तो सोमवारी अकरा वाजता. सुदैवाने मुलाने वाट न पाहता रविवारी पहाटेच आईला जवळच्या मोठ्या दवाखान्यात नेले होते आणि अल्लाहच्या मेहरबानीने ती बचावली.

म्हणून ॲप घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हा : नोंद कोण वाचतो, आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी कोण वाचतो? याचे सरळ उत्तर मिळत नसेल तर ते ॲप केवळ वही आहे असे समजावे. वही म्हणून ते जरूर वापरावे, पण ताप आला तर हात फोनच्या पडद्यावर न ठेवता रुग्णालयाचा नंबर फिरवावा. नर्सचा किंवा वॉर्डाचा थेट नंबर, गावाकडील कोणत्या दवाखान्यात जायचे त्याचे नाव आणि तेथील डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी, या गोष्टी पहिल्या केमोच्या दिवशीच मागून घ्याव्यात. घरात दोन-तीनशे रुपयांचा थर्मामीटर असावा. तळहात कपाळाला लावून ताप मोजण्याची आपली जुनी रीत येथे चालत नाही.

सरकारची ई-संजीवनी ही फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी मोफत सेवा आहे, ती साध्या तक्रारींसाठी चांगली. २०२१ पासून देशभर सुरू झालेला १४ अंकी आभा क्रमांक रिपोर्ट एका जागी ठेवायला उपयोगी पडतो. पण या दोन्हींपैकी एकही केमोच्या तापाला रात्री धावून येण्यासाठी बनलेली नाही.

कारागिराची बोटे

आता खास आपल्या वाचकांची गोष्ट. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालिप्लॅटिन, सिसप्लॅटिन, विन्क्रिस्टिन ही कॅन्सरची नेहमीची औषधे. यांचा परिणाम हातापायांच्या नसांवर होतो. प्रथम बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग बधिरपणा. ऑक्झालिप्लॅटिन घेतलेल्याने थंड पाण्यात हात घातला तर सुया टोचल्यासारखे होते. बँकेतल्या कारकुनाला हे सोसवेल, पण जरीकाम करणारा, शिलाई करणारी, घड्याळ दुरुस्त करणारा, तुटलेल्या धाग्याला क्षणात गाठ मारणारा विणकर यांचे पोट बोटांच्या टोकांवर आहे.

आणि हाच त्रास सर्वांत कमी सांगितला जातो. उलटी लपत नाही, मुंग्या लपतात. कारागीर म्हणतो, जीव वाचतोय ना, मग बोटांचे काय रडायचे? शिवाय, तक्रार केली तर औषध बंद करतील ही भीती. वस्तुस्थिती अशी की वेळेवर कळले तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, फेऱ्यांमधील अंतर वाढवू शकतात, कधी औषध बदलू शकतात. न सांगता पुढे रेटले तर बधिरपणा इलाज संपल्यावरही महिनोन्‌महिने, काहींना कायमचा राहतो. काही औषधांच्या बाबतीत तर इलाज थांबल्यावरही तो काही काळ वाढत जातो.

ॲपमध्ये "हातापायांना मुंग्या : नाही, थोड्या, मध्यम, तीव्र" असे लिहिलेले असते. आमची सूचना अशी की कारागिराने तेवढ्यावर न थांबता आपल्या कामाच्या भाषेत नोंद करावी : सुईत दोरा ओवायला पूर्वी एक झटका लागे, आता पाच मिनिटे लागतात, गाठ सुटते, कुर्त्याचे बटण लावता येत नाही. डॉक्टरांना याहून चांगले माप दुसरे नाही. आणि "मी हाताने काम करून खातो" हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे. केसपेपरवर धंदा म्हणून "मजूर" एवढाच शब्द लिहिला जातो, त्यातून डॉक्टरांना काय कळणार?

कॅपेसिटाबिन ही गोळी घरीच घ्यायची असते. बहुधा सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, चौदा दिवस घेऊन सात दिवस बंद. येथे आठवण देणारे ॲप खरोखर कामाचे आहे, कारण सुट्टीच्या सात दिवसांतही गोळ्या चालू ठेवणारे आणि चालू दिवसांत विसरणारे असे दोन्ही प्रकार घडतात. या गोळीने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, भेगा पडतात. लाली दिसताच कळवले तर डॉक्टर थोडे दिवस गोळी थांबवून कमी मात्रेवर पुन्हा सुरू करू शकतात. दीर्घकाळ गोळी घेतलेल्या काहींच्या बोटांचे ठसेही पुसट होतात. मग रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही आणि फोनचे कुलूप बोटाने उघडत नाही. असे झाल्यास घाबरू नये. फोनला आकड्यांचे कुलूप ठेवावे आणि रेशनसाठी डोळ्यांची खूण किंवा फोनवर येणारा आकडा यांची सोय विचारावी.

शब्दांची अडचण

अनेक ॲप इंग्रजीत असतात, काही हिंदीत, थोडी मराठीत. उर्दूत क्वचितच. आमच्या पिढीतील अनेक जण उर्दू शाळेत शिकले. आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका कुरआन शरीफ आणि उर्दू वर्तमानपत्र वाचतात, पण पडद्यावरचे देवनागरी त्यांना जड जाते. त्यामुळे नोंद करण्याचे काम मुलावर किंवा नातीवर येते. आता सासूने सुनेच्या किंवा आईने मुलाच्या हातून "लघवीला जळजळ होते" हे कसे नोंदवून घ्यावे? स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये नेमक्या याच तक्रारी लपून राहतात. जेथे ॲपमध्ये आवाजाचा संदेश पाठवता येतो तेथे ही अडचण बरीच कमी होते. म्हणून ती सोय आहे का, हे जरूर विचारावे. नर्सबाईंशी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे एकांतात बोलण्याची व्यवस्था असेल तर ती त्याहून उत्तम.

शब्दांचे घोटाळेही होतात. आपल्याकडे "घबराहट" म्हटले की कोणाला मळमळ म्हणायची असते, कोणाला छातीत धडधड, कोणाला मनाची भीती. "कमजोरी"त तर सारे जग मावते. पडद्यावर "चक्कर" निवडणाऱ्या बाईला खरोखर भोवळ येते की नुसते डोके जड आहे, हे यंत्राला कळत नाही. फोन करून दोन प्रश्न विचारणाऱ्या माणसाला कळते.

फुकटचा माल

व्यापारी म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाजारात फुकट कोणी काही देत नाही. ॲप बनवणाऱ्याचा खर्च कोठून तरी निघतो : रुग्णाच्या वर्गणीतून, रुग्णालयाकडून, औषध कंपनीकडून, किंवा तुमची माहिती दुसऱ्याला देऊन. जर्मनीने २०१९ साली कायदा करून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेल्या मान्यताप्राप्त ॲपचे पैसे आरोग्य विम्यातून देण्याची सोय केली. आपल्याकडे तशी रीत नाही. त्यामुळे ॲप तयार करायला पैसे मिळतात, परंतु रात्री बसून इशारे वाचणाऱ्या नर्सचा पगार कोणत्या खात्यात लिहायचा, हे ठरत नाही. आमच्या मते खरी गाठ येथे आहे. जे ॲप चार दिवस नोंद घेऊन पाचव्या दिवशी ताकदीची पावडर किंवा विशिष्ट प्रयोगशाळेची तपासणी विकू लागते, ते दुकान आहे. दुकान असणे गुन्हा नव्हे, पण पाटी दवाखान्याची नसावी.

माहितीच्या गुप्ततेसाठी २०२३ साली देशात कायदा झाला आहे. तरीही कुलूप आधी आपल्या घराला हवे. मदतीच्या आवाहनासाठी रुग्णाचा फोटो, आधार कार्ड आणि पूर्ण रिपोर्ट व्हॉट्सॲपच्या वीस गटांत टाकण्याची रीत पडली आहे. जकात देणाऱ्याची नियत नेक असते, यात शंका नाही. पण तो कागद पुढे वर्षानुवर्षे फिरतो, कोणी त्यावर आपले खाते चिकटवतो, आणि बऱ्या झालेल्या मुलीचे लग्न ठरवताना तोच कागद समोर येतो. जमातीच्या दोन विश्वासू माणसांनी कागद पाहून खात्री करावी आणि गटात फक्त रक्कम व रुग्णालयाचे खाते कळवावे, हे पुरेसे आहे.

रमजान आणि शेड

रमजानमध्ये ॲपची सकाळी आठ आणि रात्री आठची घंटा सहेरी-इफ्तारीशी जुळत नाही, म्हणून काही जण स्वतःच वेळा बदलतात. तसे करू नये. सिसप्लॅटिनसारख्या औषधानंतर मूत्रपिंड जपण्यासाठी दिवसभर भरपूर पाणी प्यावे लागते. आजारी माणसाला रोजाची सवलत कुरआन शरीफमध्येच दिलेली आहे, हे उलेमांना विचारून घरच्यांनी रुग्णाला आधीच समजावावे. नाहीतर तो रोजाही ठेवतो आणि ॲपवर "पाणी प्यायलो" असे खोटेही नोंदवतो.

शेवटी मालकांसाठी. ज्याच्या शेडमधला कामगार इलाजावर आहे, त्याने त्याचे माग बदली माणसाकडे देऊन जागा राखून ठेवली आहे, हे तोंडाने सांगावे. ही खात्री नसेल तर कामगार त्रास लपवून नवव्या दिवशी रात्रपाळीला उभा राहतो. घरात एकच फोन असेल आणि तो मुलगा कामावर नेत असेल, तर एखादा जुना चालू फोन आणि महिन्याचे रिचार्ज एवढा खर्च पेढीला जड नाही. केमोनंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या तारखा मुकादमाने शेडमधील कॅलेंडरवर खूण करून ठेवाव्यात. त्या रात्रींत गाडी कोणाची, चालवणार कोण, आणि शेडमधून घराकडे निरोप आणणार कोण, हे आधीच ठरलेले असावे.